सगळीकडे चालणारी सी

रविवार, ३ मार्च २०२४, पुणे

युनिकोडची १५.१ ही आवृत्ती गेल्या सप्टेंबरात आली आणि आपल्या जोडाक्षरांना एकदाचा न्याय मिळाला. मजकुराची अक्षरं कुठे तोडायची हे सांगणाऱ्या नियमांत एका नव्या नियमाची भर पडली. व्यंजन, त्यानंतर हलन्त आणि त्याला लागून पुन्हा व्यंजन असेल, तर मध्ये तोडायचं नाही. देवनागरीबरोबर बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळमलाही तो लागू आहे. तोवर ‘क्षत्रिय’चे संगणकाच्या लेखी पाच तुकडे व्हायचे: क्, ष, त्, रि, य. आता तीन होतात: क्ष, त्रि, य. पहिलीतलं पोरही तीनच मोजेल.

आमची लायब्ररी अक्षरांच्या या सीमा सांगते, एवढंच. तिला यूटीएफ-८ मधला मजकूर द्यायचा आणि पुढचं अक्षर कुठे संपतं ते विचारायचं. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द सीच्या स्ट्रलेनपुढे ठेवला तर ते तीस सांगतं, कारण ते बाइट मोजतं. कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने चिन्हांना दिलेले क्रमांक, मोजले तर दहा भरतात. वाचणाऱ्याच्या हिशेबी अक्षरं चारच. बाण दाबल्यावर कर्सर कुठे थांबावा, छोट्या पडद्यावर शब्द कापायची वेळ आली तर कुठे कापावा, हे सगळं या ‘चार’वर अवलंबून असतं.

हे काम करणाऱ्या लायब्रऱ्या आधीपासून आहेत, हे दर दोन महिन्यांनी कुणीतरी आम्हाला सुनावतं. आहेत की. आयसीयू ही लायब्ररी सगळंच करते, आणि तिचा पसाराही त्याच मानाने आहे. आम्हाला एक सी फाइल आणि एक हेडर एवढ्यात बसणारी गोष्ट हवी होती, जी कुठल्याही प्रकल्पात नुसती टाकली की कंपाइल व्हावी. विंडोज, लिनक्स, मॅक, आणि ज्यात ऑपरेटिंग सिस्टमच नाही अशा खोक्यांतही.

आज नव्या नियमाच्या कामाला हात घातला.

मंगळवार, ५ मार्च

तक्ते. युनिकोडमध्ये जागा आहेत ११,१४,११२. प्रत्येकीचा गुणधर्म एका बाइटात लिहिला तरी एक मेगाबाइट ओलांडतो, आणि छोट्या यंत्रात तेवढी चैन परवडत नाही. मग जुनीच युक्ती करायची. २५६-२५६ जागांचे गठ्ठे केले की ४,३५२ गठ्ठे होतात. त्यांतले बहुतेक एकमेकांची हुबेहूब नक्कल असतात. सारखे गठ्ठे एकदाच साठवायचे आणि वर कोणता गठ्ठा कुठे आहे याची अनुक्रमणिका ठेवायची. एक छोटी पायथन स्क्रिप्ट युनिकोडच्या मूळ फाइली वाचून हे तक्ते तयार करते.

तक्ते बायनरी फाइलीत न ठेवता सीच्याच अ‍ॅरेत, बाइटाबाइटाने लिहायचे, हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. आयबीएमच्या मेनफ्रेमवर संख्येतला मोठा बाइट आधी येतो, आपल्या लॅपटॉपवर लहान आधी. डेबियन त्या मेनफ्रेमसाठीही पॅकेजेस बांधतं. एका जातीच्या यंत्रावर लिहिलेली बायनरी फाइल दुसऱ्या जातीच्या यंत्राने वाचली की आकडे उलटे होतात. एकेक बाइटच लिहिला तर उलटायला काही उरतच नाही.

शनिवार, ९ मार्च

रत्नागिरीची एक विद्यार्थिनी गेल्या पावसाळ्यापासून पॅच पाठवते. तिने वेग वाढवणारा एक पॅच केला होता. मजकुरात साधी इंग्रजी अक्षरं असतील तर मोठ्या तक्त्यात न शिरता थेट पुढे जायचं. कल्पना उत्तम. सकाळी तिचाच फोन आला.

“सर, लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत. रास्पबेरी पायवर मात्र मराठीचे तुकडे तुकडे झालेत.”

“बाइट शून्यापेक्षा लहान आहे का, असं कुठे तपासलं आहेस का?”

“हो. शून्य किंवा मोठा असेल तर इंग्रजी, असं धरलंय.”

झालं. सीमध्ये ‘कॅर’ हा प्रकार ऋण संख्या धरतो की नाही, हे भाषेच्या मानकाने कंपाइलरच्या मर्जीवर सोडलेलं आहे. यूटीएफ-८ मध्ये मराठीत लागणाऱ्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो. इंटेलच्या लॅपटॉपवर कॅर ऋण धरतो, म्हणून तिथे तो उणे ३२ दिसतो आणि तिची अट बरोबर चालते. रास्पबेरी पायमध्ये एआरएम चिप असते, आणि एआरएमवरच्या लिनक्समध्ये कॅर ऋण धरत नाही. तिथे २२४ हा २२४च राहतो, शून्यापेक्षा मोठा ठरतो, आणि सगळी मराठी इंग्रजीच्या वाटेने जाते. गंमत अशी की अ‍ॅपलच्या मॅकमध्येही एआरएमच आहे, पण तिथे कॅर ऋण धरतो. म्हणजे नुसती चिप बघून काही सांगता येत नाही. चिप आणि ऑपरेटिंग सिस्टम यांच्यात काय करार झाला आहे ते पाहावं लागतं.

उपाय सोपा होता: आतल्या आत सगळीकडे ‘अनसाइन्ड कॅर’. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जीसीसी आणि क्लँग या दोघांना कॅर कसा धरायचा हे पर्याय देऊन सांगता येतं. तेव्हा आजपासून सगळ्या चाचण्या दोन्ही प्रकारे चालतील, म्हणजे ज्याच्या घरी रास्पबेरी पाय नाही त्यालाही हा बग इंटेलवरच सापडेल. हे काम तिनेच केलं, संध्याकाळच्या आत.

सी भाषा ‘सगळीकडे चालते’ हे वाक्य कॉलेजात फार ऐकवतात. १९७२च्या आसपास डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ती घडवली ती पीडीपी-११ या एका यंत्रासाठी. १९७७-७८ मध्ये रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या यंत्रावर नेलं, तेव्हा कुठे भाषेतल्या न बोललेल्या गृहीतकांची यादी उजेडात आली. पुढे १९८९ मध्ये मानक आलं. त्याने त्यातली बरीच गृहीतकं मिटवली नाहीत, ‘हे ज्याचं त्याने ठरवावं’ अशी त्यांची नोंद केली. सी सगळीकडे कंपाइल होते, एवढं खरं. चालवणं हे लिहिणाऱ्याचं काम.

शुक्रवार, १५ मार्च

डेबियनमध्ये सध्या मोठी उलथापालथ चालू आहे. वेळ मोजणारा ‘टाइम-टी’ ३२ बिटांच्या यंत्रांवर ३२ बिटांचाच होता. १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद २,१४,७४,८३,६४७ झाले की तो भरतो. तो क्षण आहे १९ जानेवारी २०३८, आपल्याकडे सकाळचे आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं आणि सात सेकंद. म्हणून तो ६४ बिटांचा करत आहेत. पण ज्या लायब्रऱ्यांच्या जाहीर फंक्शनांत किंवा स्ट्रक्चरांत वेळ येते त्यांचा बायनरी करार बदलतो, आणि अशा शेकडो पॅकेजांची नावं ‘टी६४’ हे शेपूट लावून बदलावी लागत आहेत.

आमच्या हेडरमध्ये वेळ कुठेच नाही, की फाइल, लाँग, थ्रेड यांतलंही काही नाही. आज त्याचं फार बरं वाटलं.

रविवार, १७ मार्च

आजचा वार विंडोजचा. मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर हा वाईट कंपाइलर नाही, हे आधी लिहून ठेवतो, कारण लिनक्सवाल्यांच्या बैठकीत त्याची टिंगल करणं हा शिष्टाचार समजला जातो. त्याचे रिवाज वेगळे आहेत, इतकंच.

‘लाँग’ घ्या. ६४ बिटांच्या लिनक्सवर आणि मॅकवर तो ६४ बिटांचा, ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा. ज्यांनी ऑफसेट लाँगमध्ये ठेवला त्यांचा प्रोग्राम मोठ्या फाइलीवर विंडोजमध्येच पडतो. आम्ही लांबीसाठी ‘साइझ-टी’ आणि बाकी ठिकाणी ठरलेल्या मापाचे प्रकार वापरतो. C99 ने दिलेली ही देणगी मला त्या मानकातली सगळ्यात मोठी वाटते.

मग ‘वाइड कॅर’. विंडोज एनटी १९९३ मध्ये आलं, तेव्हा युनिकोड १६ बिटांत मावेल अशीच सगळ्यांची समजूत होती. १९९६ मध्ये ती मोडली, पण विंडोजचे वाइड कॅर १६ बिटांचेच राहिले. लिनक्सवर ते ३२ बिटांचे. एकच ‘ज्ञानेश्वर’ विंडोजच्या रुंद अक्षरांत वीस बाइट घेतो, लिनक्सच्या रुंद अक्षरांत चाळीस, आणि यूटीएफ-८ मध्ये दोन्हीकडे तीस. म्हणून लायब्ररीच्या दारातून फक्त यूटीएफ-८ आत येईल आणि तेच बाहेर जाईल. विंडोजवाल्याने रूपांतर आपल्या बाजूला करावं. यावर एका वापरकर्त्याशी लांबलचक वाद झाला. त्याचं म्हणणं, विंडोजसाठी वेगळं फंक्शन द्या. द्यायला हरकत नव्हती, पण मग प्रत्येक चाचणी दुप्पट, प्रत्येक बग दुप्पट, आणि दोन फंक्शनं एकाच शब्दाला वेगळी उत्तरं देऊ लागली की खरं कुठलं मानायचं?

दुपारी चाचण्यांच्या फाइलीतली मराठी अक्षरं कंपाइल होताना बिघडली. कंपाइलरला यूटीएफ-८ चा पर्याय स्पष्ट सांगितला नाही तर तो सोर्स फाइल त्या यंत्राच्या स्थानिक कोडपेजमध्ये वाचतो. पर्याय घातला. तरीही चाचण्यांमधली काही महत्त्वाची अक्षरं आता बाइटांच्या आकड्यांतच लिहिली आहेत. दिसायला कुरूप, पण कुठल्याही एडिटरने त्यांची खोडी काढायला नको.

डीएलएलचा मुद्दा मात्र कुरूप नाही, शिकण्यासारखा आहे. लिनक्सवर लायब्ररीतली सगळी फंक्शनं आपोआप बाहेर दिसतात. विंडोजवर जे जाहीर केलं तेवढंच दिसतं. इथे विंडोजचं बरोबर आहे. म्हणून लिनक्सवरही आम्ही सगळं लपवून, निवडक तेवढंच उघडं ठेवतो. दुसरं म्हणजे विंडोजवर डीएलएल आणि तिला बोलावणारा प्रोग्राम यांच्या सी रनटाइम वेगवेगळ्या असू शकतात, आणि मग त्यांच्या मेमरीचे साठेही वेगळे. एकाने मॅलॉकने घेतलेली जागा दुसऱ्याने फ्री केली की प्रोग्राम कोसळतो, आणि तोही दर वेळी नाही. त्यामुळे शोधायला आणखी अवघड. आमची लायब्ररी मेमरी मागतच नाही. जागा बोलावणाऱ्याने द्यायची.

सोमवार, २५ मार्च

धुळवड. इमारतीत डीजे, डोक्यात काही शिरेना. लायसन्सची फाइल तेवढी नीट केली. आमचं लायसन्स झेडलिबसारखं, चार परिच्छेदांत मावणारं. तक्ते युनिकोडच्या माहितीतून बनतात, तेव्हा युनिकोडच्या लायसन्सची सूचनाही सोबत द्यावी लागते. अनेक जण ती विसरतात.

शनिवार, ३० मार्च

काल रात्री बातमी आली आणि झोप उडाली. फाइली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मागचं दार बसवलेलं निघालं. शोध लावला आंद्रेस फ्रॉइंड यांनी. पोस्टग्रेसवर काम करणारे, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला असलेले अभियंते. एसएसएचने लॉगिन करताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो अर्धा सेकंद सोडला नाही.

एसएसएच मुळात एक्सझेड वापरतही नाही. काही वितरणांनी त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडली, तिने एक्सझेडची ओढून आणली, आणि त्या पायवाटेने हल्लेखोर शिरला. ‘जिया टॅन’ हे नाव घेतलेल्या व्यक्तीने दोनेक वर्षं सभ्यपणे पॅच पाठवले, एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या मेन्टेनरचा विश्वास मिळवला, आणि मग हे केलं. विषारी भाग चाचण्यांसाठी ठेवलेल्या बायनरी फाइलींत लपवला होता. तो बाहेर काढणारी ओळ गिटमधल्या सोर्समध्ये नव्हतीच, फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये होती. बिल्डच्या ज्या स्क्रिप्टा कुणी वाचत नाही, त्यांतल्या एकीत.

आज दिवसभर फोन चालू होते. ‘ओपन सोर्स म्हणजे हजार डोळे बघतात’ असं आपण म्हणतो. टारबॉलमधली मॅक्रोची फाइल बघणारे किती? माझ्या मते या प्रकरणात मोकळेपणामुळे हल्ला पकडला गेला हे खरं, आणि थकलेल्या एकट्या माणसामुळे तो आत येऊ शकला हेही तितकंच खरं. दुसऱ्या भागाबद्दल कंपन्या बोलणार नाहीत, कारण त्यावरचा उपाय पैशांचा आहे.

रविवार, ३१ मार्च

आमच्याकडे काय बदलतं याची यादी करायला नागपूरचा सहकारी सकाळीच ऑनलाइन आला.

“आपल्याकडे पण तयार केलेले तक्ते आहेतच ना बे,” तो म्हणाला. “हजारो आकडे. त्यात मी एक चुकीचा घुसडला तर तुला कळणार आहे का?”

कळणार नाही. कुणालाच डोळ्यांनी कळणार नाही. तेव्हा आता प्रत्येक बदलाच्या वेळी स्वयंचलित यंत्रणा युनिकोडच्या मूळ फाइलींतून तक्ते नव्याने तयार करेल आणि आमच्या फाइलीशी बाइटाबाइटाने ताडून पाहील. फरक दिसला तर पॅच अडेल. टारबॉल हाताने बांधायचा नाही; गिटच्या खुणेवरून जे निघेल तेच प्रकाशित करायचं. चाचण्यांमध्ये बायनरी फाइल एकही नको, सगळे नमुने वाचता येतील अशा मजकुरात. आणि मुख्य शाखेत बदल घ्यायला दोघांची सही.

मंगळवार, ९ एप्रिल, गुढीपाडवा

सूची बनवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांची मागणी: मराठी वर्णक्रमही लायब्ररीत घाला. ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ, ही आपली रीत. कोडपॉइंटच्या क्रमाने लावलं तर ळ जाऊन बसतो ल च्या शेजारी, आणि क्ष सापडतो क मध्ये. मागणी रास्त आहे. तरी ‘नाही’ म्हणालो. वर्णक्रम भाषेगणिक बदलतो. हिंदीचा वेगळा, नेपाळीचा वेगळा. तो घेतला की भाषांची माहिती आली, तिच्या सुधारणा आल्या, आणि लायब्ररी एका फाइलीची राहिली नाही. त्यासाठी वेगळी लायब्ररी असावी. तिने आमची वापरावी. त्यांना पाडव्याच्या दिवशी नकार ऐकवायला जड गेलं, पण ऐकवला.

जाहीर केलेलं फंक्शन मागे घेता येत नाही, हे या कामातलं खरं ओझं. लिबकर्लच्या डॅनिएल स्टेनबर्ग यांनी २००६ नंतर आपला बायनरी करार मोडलेला नाही. तेव्हा लिंक केलेला प्रोग्राम आजच्या लिबकर्लवर चालावा, हा त्यांचा दंडक. एसक्यूलाइटवाल्यांनी २०५० पर्यंत साथ देण्याचा मानस जाहीर केलेला आहे. झेडलिब १९९५ची, तिची सुरुवात करणारी फंक्शनं हेडरच्या आवृत्तीचं नाव आणि स्ट्रक्चरचं माप गुपचूप मागून घेतात, म्हणजे प्रोग्राम एका हेडरने आणि लायब्ररी त्याच्याशी न जुळणाऱ्या दुसऱ्याने बांधली असेल तर तिथल्या तिथे नकार मिळतो. मेमरी नासवत पुढे जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं. आम्हीही आवृत्ती तपासण्याचं एक फंक्शन ठेवलं आहे. स्ट्रक्चर एकच, आणि त्याच्या आत काय आहे यावर विसंबू नका, असं हेडरमध्ये ठळक लिहिलं आहे. लोक विसंबतात, तो भाग वेगळा.

शनिवार, २० एप्रिल

एका वापरकर्त्याचा प्रोग्राम मजकुरातला ‘अदृश्य कचरा’ काढून टाकतो आणि मग आमच्याकडे पाठवतो. त्या कचऱ्यात शून्य रुंदीचा जोडकही जातो. तो गेला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगराळ भागाचं वर्णन समुद्रात बुडतं. आडव्या चिकटलेल्या ‘र’ची दोन लेखनं चालतात: र, हलन्त आणि जोडक, किंवा नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. युनिकोडचं प्रमाणीकरण त्यांना एक मानत नाही, त्यामुळे एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. ‘ॲ’चंही तसंच. त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधीच्या मजकुरात अ आणि वर चंद्र असे दोन कोडपॉइंट भेटतात.

सहकाऱ्याला वाटतं की हे आपणच जुळवून द्यावं. मला वाटत नाही. मोजणाऱ्याने माल बदलू नये. दोन्ही लेखनांत अक्षरं दोनच निघाली पाहिजेत, द आणि ऱ्या, एवढी आमची जबाबदारी. ती चाचणी आज जोडली. नव्या नियमाने दोन्हीकडे दोनच उत्तर येतं.

रविवार, २८ एप्रिल

उबुंटूची २४.०४ गुरुवारी आली. एक्सझेडच्या धसक्याने तिची बीटा आठवडाभर पुढे गेली होती. तिच्यावर, जुन्या विंडोज १० वर, मॅकवर, रास्पबेरी पायवर आणि नक्कल केलेल्या मेनफ्रेमवर सगळ्या चाचण्या पार पडल्या, आणि दुपारी नवी आवृत्ती प्रकाशित केली. जाहीर फंक्शनांत बदल नाही. उत्तरं मात्र बदलली आहेत: जोडाक्षरं आता एक मोजली जातात. ज्यांनी जुन्या मोजणीवर रकान्यांची रुंदी बेतली असेल त्यांची तक्रार येणार, म्हणून बदलांच्या नोंदीत हेच पहिल्या ओळीत लिहिलं.

युनिकोडने दिलेले चाचणीचे नमुने आम्ही सगळे चालवतो, पण ते नियम तपासायला लिहिलेले आहेत. खरा मजकूर त्याहून वेडावाकडा असतो. तेव्हा हे वाचणाऱ्यांना विनंती: तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेली पुस्तकं, देवनागरीतली कोंकणी, स्वरचिन्हांसह टाइप केलेले वैदिक मंत्र किंवा फोनवर घाईत लिहिलेली मराठी असेल, तर त्यातल्या नडणाऱ्या दोन-चार ओळी पाठवा. सी यायला हवी असं नाही. फोटो नको, साधी टेक्स्ट फाइल, यूटीएफ-८ मध्ये, आणि प्रत्येक ओळीखाली तुमच्या मोजणीने किती अक्षरं होतात तो आकडा.